नऊ प्रश्न, नऊ शून्यं

ऑगस्ट संपता संपता आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांकडून नैराश्य तपासणारा एक फॉर्म भरून घेतला. ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला पुढीलपैकी कशाचा किती वेळा त्रास झाला?’ असं वर लिहिलेलं, खाली नऊ प्रश्न आणि प्रत्येकापुढे शून्य ते तीन असे चार आकडे. झोप, भूक, थकवा, कशातच मन न लागणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं. आणि शेवटचा नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, ज्याच्यापाशी आल्यावर वर्गातली कुजबुजही थांबते. जगभरचे डॉक्टर गेली वीस-पंचवीस वर्षं हाच कागद वापरत आलेत, त्यामुळे कागदाबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या वाट्याला आलेल्या मुलांचे फॉर्म मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल आटोपल्यावर गोळा केले. त्यातल्या एका कागदावर नऊच्या नऊ ठिकाणी शून्याला गोल होता. घाईघाईत केलेले गोल नव्हते ते. एकेक सावकाश, नीट, अक्षर सुधारावं तसा काढलेला. मुलगा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा. बाकीची पोरं बॅगा उचलून पळाली, हा बेसिनपाशी ब्युरेट धूत रेंगाळला आणि माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं, “मॅडम, हा फॉर्म घोडेगावला जातो का?”

“नाही,” मी म्हटलं. “इथेच राहतो, माझ्याकडे.” तो “बरं” म्हणाला, ब्युरेट स्टँडला उलटी लावली आणि गेला. कागद मात्र त्यानं परत मागितला नाही.

पुण्यात शिकणारी आदिवासी मुलं सोडली तर घोडेगाव हे नाव ऐकून कुणाच्या पोटात गोळा यायचं कारण नाही. भीमाशंकरला जाताना लागणारं गाव, बाकीच्यांना ते तेवढंच माहीत. पण तिथे आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय आहे आणि पुण्यातली आदिवासी मुलांची सरकारी वसतिगृहं त्याच्या अखत्यारीत येतात. वसतिगृहाच्या दुसऱ्या यादीत नाव आहे की नाही, जेवणाचे पैसे खात्यात कधी पडणार, वर्ष राहिलं तर खोली सोडावी लागणार का, या सगळ्याचं उत्तर शेवटी “घोडेगावला विचारा” असंच मिळतं. जिथून पैसे येतात तिथेच आपल्या झोपेची आणि भुकेची खबर जाणार असेल, तर कोण शहाणा तीनला गोल करील?

हा फॉर्म आमच्यापर्यंत आला त्यालाही मागचा-पुढचा इतिहास आहे. २०२५च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा अभ्यास करायला निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. मग जुलैमध्ये दुसऱ्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने देशभरच्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या: शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायला हवं, हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहात आणि वर्गात मोठ्या अक्षरांत लावायला हवेत. सूचना चांगल्या आहेत. पण कॉलेजात कोर्टाचा निकाल आणि कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची भेट या दोन गोष्टी एकाच फायलीत राहतात. त्यामुळे आम्हा मेंटर मंडळींना मेंटी वाटून मिळाले, फॉर्म वाटून मिळाले, आणि भरलेल्या फॉर्मचे फोटो ग्रुपवर टाका असा निरोपही आला. मी फोटो टाकले नाहीत. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तळमजल्यावर पाण्याच्या कूलरशेजारी लागला. नंबर खरोखर कामाचा आहे, रात्री-अपरात्री मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पण कूलरपाशी सतत गर्दी, आणि सगळ्यांच्या देखत तो नंबर मोबाइलमध्ये उतरवून घेणारा मुलगा मला अजून दिसायचाय.

शून्यवाल्या मुलाबद्दल मला थोडंफार माहीत होतं. जुलैपासून तो डोकं दुखतं म्हणून दवाखान्यात जायचा. पॅरासिटामॉल, कधी बी-कॉम्प्लेक्स, कधी “चष्म्याचा नंबर तपासून घे”. नंबर नव्हता. खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींचं दुखणं असंच डोक्यात, पोटात, छातीत धडधड होऊन, चक्कर होऊन येतं. त्यात नाटक काही नसतं, डोकं खरंच दुखत असतं. शिवाय डोकेदुखीला गोळी मिळते, प्रॅक्टिकलला सुट्टी मिळते आणि कुणी नावं ठेवत नाही. मुली पाळीचं कारण देतात, मुलं ॲसिडिटीचं. आमच्या दवाखान्याचं रजिस्टर कुणी नीट वाचलं तर त्या नऊ प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्यात सापडतील, तीही खरी.

आणि या मुलाच्या आयुष्यातले कागद तरी बघा. सातपुड्यातल्या पाड्यावर जन्म. जन्माच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आश्रमशाळेच्या दाखल्यावर तिसरं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं पासबुक, पासबुकाला आधार जोडलंय का, जोडलं असेल तर पैसे त्याच खात्यात पडणार आहेत की मागे कुठल्या तरी योजनेत मामाच्या गावी उघडलेल्या खात्यात. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनला अडकतो, मग पुढच्या. ‘रिव्हर्टेड बॅक’ असे दोन शब्द पडद्यावर येतात, कारण बहुधा येत नाही. वर व्हॅलिडिटी, म्हणजे जमातीच्या दाखल्याची पडताळणी. आजोबांचा शाळेचा दाखला आणा म्हणतात, आणि आजोबा शाळेची पायरी चढलेले नसतात. पडताळणी समितीचं कागदांनी समाधान झालं नाही तर दक्षता पथक चौकशीला येतं आणि तुमचे सण कोणते, देव कोणते, लग्नात काय काय करतात, हे विचारून तुम्ही खरोखर त्या जमातीचे आहात का ते पडताळतं. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही चाचणी म्हणजे जमात ठरवण्याची अंतिम कसोटी नव्हे. पण अठरा वर्षांच्या पोरानं आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला फाईल घेऊन फिरायचं, ते काही सुटलेलं नाही. त्याला आजवर मिळालेला प्रत्येक कागद काही तरी देणारा किंवा अडवणारा होता. ‘तुझं कसं चाललंय’ एवढंच विचारणारा कागद त्याच्या हातात पहिल्यांदाच आला होता, आणि तो तसा आहे यावर त्यानं विश्वास ठेवावा असं आम्ही काय केलं होतं?

मग पोटाचा प्रश्न. २०१८मध्ये सरकारने आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. त्याविरुद्ध त्या जुलैत पुण्यातून मुलं नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाली आणि वाटेत पोलिसांनी त्यांना अडवलं. तेव्हा स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले होते, “रोख पैसे मिळतायत तर ओरड कसली? आम्हाला कुणी दिले असते तर!” ओरड अशी, की पैसे उशिरा आले तरी भूक वेळेवर लागते. मेसवाले काका महिनाभर उधार देतात, दोन महिने देतात, तिसऱ्या महिन्याला तेही प्रापंचिक माणूस. मग एक डबा दोघांत. मग सकाळी चहा-बिस्किट आणि थेट संध्याकाळी जेवण. मग “भूकच लागत नाही, मॅडम”. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे २०१०मध्ये ठरलेले दर असे: साध्या पदवीला, वसतिगृहात राहणाऱ्याला महिन्याला ५७० रुपये, बाहेर राहणाऱ्याला ३००. पुण्यात एवढ्यात मेसचा आठवडासुद्धा निघत नाही. फॉर्ममधला पाचवा प्रश्न भुकेबद्दल आहे. भूक कमी झाली आहे का, की जास्त खाता? खायला आहे का, हे त्यात नाही. ज्यांनी तो बनवला त्यांचा त्यात दोष नाही. पण तो मोजून ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ असे शिक्के मारताना आपण हे लक्षात ठेवायला नको का?

मी स्वतः मराठवाड्यातल्या भूमकडची. नव्वदच्या दशकात पुण्यात शिकायला आले तेव्हा रविवारी रात्री दर उतरले की एसटीडी बूथवर रांग लागायची. काचेच्या खोलीत पंखा नसायचा, मागच्याचा श्वास मानेवर, समोर लाल आकडे पळत असायचे. तिकडे स्टँडजवळच्या दुकानात आई येऊन थांबलेली. “जेवतेस ना?” “हो.” “करमतं का?” “हो.” “पैसे पुरतात का?” “हो.” दर आठवड्याला तीन वेळा ‘हो’. मेसच्या भाजीत काय तरंगायचं, इंग्रजीतून चालणाऱ्या प्रॅक्टिकलमध्ये ‘पिपेट आउट’ म्हणजे नक्की काय करायचं ते मला कळलं नव्हतं आणि मी शेजारणीच्या हाताकडे बघून केलं होतं, यातलं काही त्या तारेवरून गेलं नाही. आईला काय सांगणार? ती म्हणाली असती, ये परत. तीच तर भीती होती.

त्यामुळे खेड्यातून आलेल्या पोरांचं ‘बरं आहे’ मला ओळखू येतं असं मी बरीच वर्षं धरून चालले. थोडंफार येतंही. पण या मुलाचं माझ्यासारखं नाही. माझं आडनाव ऐकून कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही. माझी मराठी गावंढळ म्हणून हसले, पण ती मराठीच होती. हा मुलगा घरी पावरी बोलतो; ‘मराठी माध्यमातला’ म्हणून त्याच्यावर आपण जी कीव करतो तीसुद्धा चुकीच्या जागी, कारण मराठी माध्यम हीच त्याची पहिली चढण होती, इंग्रजी ही दुसरी. आणि घर सोडल्याचं दुःख म्हणाल तर ते त्यानं सहाव्या वर्षीच पचवलेलं. आश्रमशाळेत फरशीवर रांगेत झोपणारी ही मुलं. आईपासून लांब राहणं त्यांना नवं नाही. नवं काय असतं ते मला धडगावच्याच एका थोरल्या विद्यार्थ्यानं सांगितलं. “तिथे सगळे आमच्यासारखेच होते मॅडम. इथे वर्गात मी एकटा आहे, आणि मी एकटा आहे हे सगळ्यांना माहितीय.”

माहीत कसं होतं, तेही कळतं. पहिल्याच आठवड्यात कुणी तरी सहज विचारतं, “तुला किती पडले रे?” आकडा सांगितला की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक छोटासा हिशेब उमटतो. शिवी नसते, धक्काबुक्की नसते, तक्रार करावी असं बोट ठेवण्यासारखं काही नसतं. गट पाडताना आपण उरतो. मॅडम शिष्यवृत्तीच्या मुलांची नावं वर्गात मोठ्यानं वाचून दाखवतात. आणि कुणी तरी म्हणतं की तुमचं बरंय, तुम्हाला फी नाही.

इथे एक समजूत खोडायला हवी, जी स्टाफरूममध्ये फार प्रेमानं जपली जाते: ही मुलं अभ्यासात कच्ची, झेपत नाही, म्हणून मनानं खचतात. डॉ. पायल तडवी कच्च्या नव्हत्या. तडवी भिल्ल समाजातल्या, जळगावच्या. मिरजेहून एमबीबीएस होऊन मुंबईत नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्या गेल्या. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे, खटला न्यायालयात आहे. ज्या टप्प्याला पोचलं की सगळं सुटतं असं आपण मुलांना सांगतो, त्या टप्प्याला त्या पोचल्या होत्या. त्याच वर्षी त्यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात आयुष्य संपवलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला या दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षणसंस्थांमध्ये समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा, असा यूजीसीचा नियम २०१२पासून होता. तो पाळा, एवढंच त्यांचं मागणं. नियम आधीपासून होता, आणि तो पाळायला लावायला दोन मुलं गमावलेल्या दोन आयांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

आणि जे मरत नाहीत, नुसते परत जातात, त्यांचं काय? देशात २०२२मध्ये १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं, त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले; हे आकडे दर वर्षी छापून येतात, हळहळ होते. डिसेंबर २०२३मध्ये लोकसभेत दुसरा एक आकडा सांगितला गेला: आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठांतून २,६२२ आदिवासी विद्यार्थी शिक्षण सोडून गेले. सरकारचं म्हणणं होतं की उच्च शिक्षणात मुलांना खूप पर्याय असतात, ती एका अभ्यासक्रमातून दुसरीकडे जातात. जातही असतील काही. माझ्या माहितीतली मात्र कुठल्याही अभ्यासक्रमाला गेली नाहीत. एक तळोद्याला मोबाइलच्या दुकानात आहे, एक नवापूरच्या हॉटेलात. एकीचं लग्न झालं. दिवाळीच्या सुट्टीत गेली आणि आली नाहीत. हजेरीपटावर दोन महिने ‘गैरहजर’ लागतं, मग पुढच्या वर्षी नावच नसतं. विचारायला जायची पद्धत नाही.

दिवाळीवरून आठवलं. आमच्याकडे दिवाळीची सुट्टी ऐसपैस असते, होळी-धुळवडीला एक दिवस. धडगाव-अक्कलकुव्याकडे मोठा सण दिवाळी नाही, होळी. काठी गावची होळी बघायला आता पुण्यामुंबईहून कॅमेरे घेऊन लोक जातात. आधीचा भोंगऱ्या बाजार, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरू, रात्रभर ढोल. गाव ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत गेलेलं असतं तेही होळीला माघारी येतं. पाड्यावरची सगळी माणसं एका वेळी दिसण्याचे वर्षातले हेच दिवस. आणि नेमकी त्याच सुमाराला आमची इंटर्नल परीक्षा, प्रॅक्टिकलचं सबमिशन. पुण्याहून रात्रीची गाडी धरून नंदुरबार, तिथून शहादा, पुढे घाटातली जीप. एका दिवसाच्या सुट्टीत माणूस पोचतसुद्धा नाही. जावं तर इंटर्नलचे मार्क जातात, राहावं तर मित्रांच्या स्टेटसवर रात्रभर ढोल वाजताना बघत बसायचं. गंमत बघा, हाच सण दक्षता पथकापुढे त्याच्या जमातीचा पुरावा ठरू शकतो, पण आमच्या हजेरीपटापुढे नाही. आम्ही मात्र गॅदरिंगला ‘आदिवासी नृत्य’ बसवतो. भाड्याच्या मोरपिसांत कोथरूडची मुलं नाचतात, बक्षीसही मिळवतात.

पोरांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, तिच्यासाठी त्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. अपराधीपण म्हणावं तिला, पण केलेल्या कशाचं नव्हे, सुटून आल्याचं. भाऊ बार्डोलीकडे ऊस तोडतोय, बहीण त्याची पोरं सांभाळायला सोबत गेलीय, आणि मी इथे एसी हॉलमध्ये ‘व्यक्तिमत्त्व विकास’ ऐकतोय. घरून कुणी काही बोलत नाही. बाप तर अभिमानानं सगळ्यांना सांगतो, पोरगा पुण्याला आहे. त्या अभिमानाचंच ओझं होतं. फोनला रेंज यावी म्हणून आई टेकडीवर चढून येते, तेवढी चढून आलेल्या बाईला ‘मी दोन विषयांत नापास झालो’ हे कसं सांगायचं? मग आम्ही या मुलांसाठी प्रेरणादायी व्याख्यान ठेवतो. वक्ते डॉ. राजेंद्र भारुड यांचं उदाहरण देतात: साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा भिल्ल मुलगा, जन्माआधीच वडील गेलेले, आईनं दारू विकून वाढवलेला, डॉक्टर झाला, कलेक्टर झाला, नंदुरबारचाच जिल्हाधिकारी झाला. माणूस मोठाच आहे, आणि मुलांना त्यांच्याबद्दल खरं प्रेम आहे. पण व्याख्यानाचा शेवट नेहमी एकाच वाक्यावर येतो: ते करू शकतात तर तुम्ही का नाही? टाळ्या पडतात. मागच्या बाकावर दोन विषय राहिलेला मुलगा ‘का नाही’ याचं उत्तर मनात जुळवत बसतो, आणि ते उत्तर दर वेळी स्वतःच्या विरुद्ध जातं.

हे सगळं मी माझ्या एका मैत्रिणीला ऐकवत होते. ती मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात नोकरी. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, तू सगळं मेसच्या बिलावर नेऊन ठेवतेस. बिल भरलं तरी ज्याला पहाटे तीनला जाग येते आणि उठावंसं वाटत नाही, त्याचं काय? गरिबाला दुःख असतं आणि श्रीमंताला आजार असतो, असं आहे का?” मला राग आला. रात्री घरी गेल्यावर जास्त आला, कारण तिच्या बोलण्यात तथ्य होतं आणि माझ्यासमोर त्याचा पुरावाही होता.

सुरगाण्याकडची एक मुलगी, कोकणा जमातीची. तिचं काहीच अडलेलं नव्हतं. व्हॅलिडिटी आलेली, वसतिगृहात जागा, पैसे वेळेवर, मार्क उत्तम, मैत्रिणी जिवाला जीव देणाऱ्या. तरी दुसऱ्या वर्षाच्या मधेच ती उठेनाशी झाली. केस विंचरेनात, कपडे धुवेनात, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आम्ही कारण शोधत बसलो: कुणी काही बोललं का, घरी काही झालं का, प्रेमबिम आहे का. कारण सापडलं नाही. कारण सापडलंच पाहिजे असा आमचा हट्ट मात्र तिला जास्त थकवत होता. शेवटी मैत्रिणीच्या ओपीडीत नेलं. गोळ्या सुरू झाल्या. “लगेच काही दिसणार नाही, दोन-चार आठवडे धीर धरा, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका,” तिनं तीन-तीनदा सांगितलं. वडील आले, गप्प बसून सगळं ऐकलं, तिला घेऊन गावी गेले. तिथे भगताकडे नेलं, कोंबडं कापलं. मी घाबरून मैत्रिणीला फोन केला तर ती शांतपणे म्हणाली, “जाऊ देत. भगत त्यांना घरी बसून वेळ देतो, माझ्या ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. तू फक्त गोळ्या चालू आहेत का ते बघ.” गोळ्या चालू होत्या. वडील स्वतः रोज रात्री समोर बसून द्यायचे, आणि भगतानं दिलेला धागाही मनगटाला होता. मुलीचं वर्ष गेलं. ती परत आली, जरा हळू बोलते आता. बरं कशानं वाटलं असं मी विचारलं नाही. तिनंच एकदा सांगितलं की गावी असताना कुणी अभ्यासाचं विचारत नव्हतं, ते बरं वाटलं.

तर मैत्रीण म्हणते ते खरं, आणि मी म्हणते तेही खरं, आणि दोन्ही एकाच मुलात असू शकतं. माझं म्हणणं फक्त क्रमाचं आहे. ज्याचं पोट, खोली, फी आपल्या कागदावर लटकलेली आहे त्याला आधी तो कागद सोडवून दाखवायचा. मग तो सांगेल झोप येते की नाही. माझ्या धडगावच्या मुलानं तरी तसंच केलं. डिसेंबरात त्याच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकला होता. क्लार्क रजेवर होता. मी खुर्ची ओढून बसले आणि आम्ही दोघांनी मिळून तो पुढे ढकलला. पासबुकाच्या स्कॅनमध्ये एक आकडा पुसट होता, एवढंच. त्यानंतर काही दिवसांनी तो आपणहून बोलला. रात्री झोपेत दचकतो, वर्गात शब्द नुसते कानावरून जातात, एकदा सगळं सोडून गाडीत बसलो होतो, शिवाजीनगरला उतरून परत आलो. त्या फॉर्मवर तीनला गोल पडले असते अशा बऱ्याच गोष्टी होत्या. नवव्या प्रश्नाचं मी सरळच विचारलं. विचारल्यानं डोक्यात नवं काही भरत नाही, हे प्रशिक्षणात शिकलेलं एक वाक्य मला खरोखर उपयोगी पडलं. “तेवढं नाही,” तो म्हणाला. समुपदेशक मॅडमकडे तो आता जातो, कधी बुडवतोही.

यंदा प्रवेश सुरू झाले तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी फीच्या खिडकीशेजारी एक टेबल टाकलं. कल्पना सुरगाण्याच्या मुलीची. कुठला दाखला कुठे लागतो, वसतिगृहाची दुसरी यादी कधी, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना पैसे देणाऱ्या ‘स्वयम’ योजनेसाठी काय जोडायचं, खातं आधारला जोडलंय ते कसं तपासायचं, कोणत्या मेसवाल्या काकांशी आधीच बोलून ठेवायचं. नव्या समुपदेशक मॅडमना दिलेली तिसऱ्या मजल्यावरची खोली फार उकडते म्हणून त्याही याच टेबलापाशी येऊन बसल्या, आणि एका अर्थी तेच बरं झालं. पहिल्याच आठवड्यात मुलं त्यांना नावानं ओळखायला लागली, ‘त्या अर्ज भरून देणाऱ्या मॅडम’ म्हणून. प्राचार्य फेरीवर आले. कौतुकानं उभे राहिले, फोटो काढून घेतला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “उपक्रम छान आहे, पण हे नॅकच्या नेमक्या कोणत्या निकषात दाखवायचं?” मी शब्द शोधत होते तेवढ्यात सुरगाण्याची मुलगी टेबलामागूनच बोलली, “सर, निकषाचं मागाहून बघू. आधी इथे झेरॉक्स मशीन मिळालं तर बरं होईल. बाहेर पानाला तीन रुपये घेतात.”